कातळ फोडणारे पाणी

एकाच शिवारात, एकाच आठवड्यात घेतलेले दोन बोअर. एकाला दीडशे फुटांवर दोन इंच पाणी. पन्नास पावलांवरच्या दुसऱ्यातून तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. अंबड तालुक्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, हे इतके नेहमीचे आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पाणाड्याचा नारळ तळहातावर कुठे उभा राहिला होता यावर पारावर चर्चा होते, मग नशिबाला बोल लावून विषय संपतो. खडकाचा विचार त्या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक त्या कोरड्या बोअरपासून हातभर अंतरावर पाण्याने भरलेली भेग असू शकते. सहा इंची छिद्र तिला चुकवून खाली गेलेले असते.

हे हातभर अंतर तोडण्याचे एक तंत्र महाराष्ट्रात अनेक वर्षे वापरात आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कागदपत्रांत ते ‘जलभंजन’ या नावाने, अपारंपरिक उपाययोजनांच्या यादीत सापडते. बोअरमध्ये प्रचंड दाबाने पाणी कोंडायचे आणि त्या दाबानेच आजूबाजूच्या कातळातल्या भेगा उघडायच्या, असा हा प्रकार. अमेरिकेत ज्या तंत्राने तेल आणि वायूच्या धंद्याचे चित्र पालटले, आणि ज्यावरून निम्म्या जगात मोर्चे निघाले, त्या फ्रॅकिंगचा हा सख्खा धाकटा भाऊ. थोरल्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. धाकटा मात्र एका ट्रकवर बसून गावोगावच्या बंद पडत आलेल्या हातपंपांकडे जातो आणि त्याची बातमी तालुक्याच्या पानावरही येत नाही.

हे तंत्र कुठे चालते आणि कुठे फसते, हे समजायला आधी पायाखालचा दगड समजून घ्यावा लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यातून दख्खनचे पठार झाले. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग या काळ्या पाषाणाने, बेसाल्टने, व्यापलेला आहे. वाळूत किंवा नदीच्या गाळात कणाकणांच्या मधल्या पोकळीत पाणी साठते. एकसंध बेसाल्टमध्ये अशी पोकळी जवळजवळ नसतेच. तिथे पाणी मुरते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात, वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेल्या पट्ट्यात आणि लाव्हा थंड होताना तडकून पडलेल्या भेगांत. अंबडच्या दक्षिणेला गोदाकाठी, शहागड-गोंदीच्या बाजूला, नदी आणि जायकवाडीचा डावा कालवा यांचा आधार आहे. रोहिलागडाकडच्या उंचवट्यावर मात्र सगळी भिस्त या भेगांवर.

भेगांची एक खोड आहे. त्यांतून किती पाणी वाहील, हे त्यांच्या रुंदीवर साध्या प्रमाणात ठरत नाही, तर रुंदीच्या घनावर ठरते. भेग दुप्पट रुंद झाली की तेवढ्याच उताराने तिच्यातून आठपट पाणी येते. उलटही तितकेच खरे: चिकणमातीने भेग निम्मी बुजली की पाणी आठव्या हिश्शावर येते. जलभंजनाचा सगळा हिशेब या एका नियमावर उभा आहे. डोंगर फोडायचा नसतो. केसाएवढी भेग दोन केसांएवढी झाली, तिच्यातली माती धुऊन निघाली आणि ती शेजारच्या भेगेला जाऊन मिळाली, तरी काम झाले.

भेगांतले हे पाणी वर काढणाऱ्या हातपंपाच्या इतिहासात अंबडच्या या जालना जिल्ह्याचे नाव येते, हे जालनेकरांनाही फारसे ठाऊक नसते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळाशी झगडताना मिशनरी संस्थांनी मराठवाड्यात हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रे आणली. कातळात छिद्र पाडणे त्यामुळे सोपे झाले, पण वर बसवायला पंप होते ते ओतीव लोखंडाचे, परदेशातल्या शेतघरांत एका कुटुंबासाठी बनवलेल्या पंपांच्या नकला. अख्खे गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते मोडू लागले. जालन्यातल्या मिशनच्या मंडळींनी मग पोलादाचा, मजबूत दांडीचा पंप घडवला. त्याला ‘जालना पंप’ म्हणत. तीच धडपड सोलापुरात पुढे गेली आणि ‘सोलापूर पंप’ तयार झाला. त्याच्या रचनेवरून युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ सिद्ध केला. आज आफ्रिकेतल्या कितीतरी खेड्यांत बायका जो पंप हापसतात, त्याची वंशावळ अशी जालना-सोलापूरपर्यंत येऊन पोचते.

पंप टिकाऊ झाला, तेव्हा दुसरी अडचण उघडी पडली. दांडी मोडत नव्हती, पण बोअरच आटत होते.

अशा बोअरवर जलभंजनाची गाडी येते तेव्हा आधी हातपंप उतरवला जातो. दांड्या, पाइप, सिलिंडर सगळे वर काढायचे. बोअरची खोली मोजतात, पाण्याची पातळी बघतात, आणि आहे ते पाणी उपसून तासाला किती लिटर मिळते याची नोंद करतात. ही पहिली नोंद फार मोलाची. ती नसेल तर नंतर किती फरक पडला, हे कशाशी ताडून बघणार? पुढे पोलादी पाइपाच्या टोकाला पॅकर लावून तो बोअरमध्ये सोडला जातो. पॅकर म्हणजे जाड रबराचा फुगणारा बोळा. ठरलेल्या खोलीवर तो फुगवला की भिंतीला घट्ट बसतो आणि खालचा बोअर बूच लावल्यासारखा बंद होतो. मग टँकरमधले पाणी उच्च दाबाच्या पंपाने पॅकरच्या खाली ढकलायला सुरुवात होते.

यापुढचे सगळे नाट्य एका काट्यावर घडते. दाब दर चौरस सेंटिमीटरला वीस, चाळीस, साठ किलो असा चढत जातो. या यंत्रांची मजल शंभर-दीडशे किलोपर्यंत असते. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलो हवा असते, यावरून त्याची कल्पना यावी. चढता चढता काटा एकाएकी खाली येतो. जमिनीवर ना आवाज, ना हादरा. पण गाडीवरच्या माणसांना कळते की खाली काहीतरी उघडले. दाब उतरल्यावरही पाणी खडकात शिरत राहिले, तर भेग लांबवर गेली असे समजायचे. थोडा वेळ पाणी तसेच चालू ठेवतात, म्हणजे भेगांतली माती हलते. मग पॅकर सैल करून दुसऱ्या खोलीवर बसवतात आणि पुन्हा तोच प्रयोग. शेवटी कंप्रेसरने बोअर धुऊन काढायचा, पुन्हा पाणी मोजायचे, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करायचे आणि हातपंप परत बसवायचा.

ऐकायला सोपे वाटणाऱ्या या कामातली खरी कसोटी म्हणजे पॅकर कुठे बसवायचा. बसण्याची जागा एकसंध, टणक कातळाची हवी. वरच्या मुरमात किंवा भुसभुशीत पट्ट्यात तो बसवला तर कडेने पाणी वर येते, दाब चढतच नाही, आणि कधी रबर फाटते. फार वर बसवण्यात आणखी एक धोका आहे: नवी भेग जमिनीलगतच्या थराला जाऊन मिळाली, तर उकिरड्याचे आणि गटाराचे पाणी थेट पिण्याच्या बोअरमध्ये उतरायला वाट मिळते. म्हणून केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या, बऱ्यापैकी खाली, घट्ट दगडातच सुरुवात करायची. काही वेळा एकाऐवजी दोन पॅकर लावतात, एक वर, एक खाली, आणि मधल्या काही फुटांच्या पट्ट्यावरच सगळा दाब एकवटतात. एका पॅकरच्या पद्धतीत खाली एखादी आधीच रुंद असलेली भेग सगळे पाणी पिऊन टाकते आणि बाकीच्या तशाच राहतात; दोन पॅकरमध्ये ही पळवाट बंद होते. त्यात वेळ आणि खर्च जास्त. शिवाय कोणत्या फुटावर कोणता दगड आहे, हे आधी माहीत असावे लागते.

घोडे इथेच पेंड खाते. बोअर घेताना दर दहा फुटांना निघणारा चुरा बघून नोंद ठेवली, की काळा पाषाण कुठे, विटकरी पट्टा कुठे, भोके पडलेला थर कुठे, ओल कुठे लागली, हे सगळे कागदावर येते. खाजगी बोअरच्या धंद्यात हिशेब फुटांचा असतो. शेतकऱ्याच्या हाती पावती पडते, तिच्यावर एकूण खोली आणि केसिंगचा आकडा. चुरा वाऱ्यावर गेलेला असतो.

तेलाच्या धंद्यालाही खडक ओळखून काम करण्याचे हे शहाणपण एकदम आले नाही. १९४७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ह्युगोटन वायूक्षेत्रातल्या एका विहिरीत फ्रॅकिंगचा पहिला प्रयोग झाला. पाण्याऐवजी पेट्रोल वापरले होते, आणि ते दाट करायला युद्धातून उरलेले नेपाम! वायूचे उत्पादन म्हणावे तसे वाढले नाही. तरीही दोनच वर्षांत, मार्च १९४९मध्ये, ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये या पद्धतीचा व्यापारी वापर सुरू झाला. पुढची पन्नासेक वर्षे ते एक उपयुक्त, पण दुय्यम तंत्र होते. टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१पासून जवळपास दोन दशके हात पोळून घेतले. शेल हा इतका घट्ट चिखलदगड की त्यातला वायू आपणहून हलतच नाही. १९९८च्या सुमारास त्यांच्या अभियंत्यांनी महागडे, दाट द्रावण सोडून जवळजवळ साधे पाणीच, घर्षण कमी करणारे थोडे रसायन मिसळून, भरपूर प्रमाणात वापरले. पैसे वाचवण्यासाठी केलेला हा बदल वायूच्या दृष्टीनेही सरस ठरला. त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली आणि अमेरिकेचे ऊर्जेचे गणित बदलले.

आडवी विहीर का, याचे उत्तर खडकातल्या ताणात आहे. भेग नेहमी सगळ्यात कमी विरोधाच्या दिशेने उघडते. वरच्या थरांत सगळ्यात कमी दाब बहुधा वरच्या दगडाच्या वजनाचा असतो. बेसाल्टच्या साठ मीटर जाडीचे ओझे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम सतरा किलो भरते. म्हणून उथळ बोअरमध्ये भेग आडवी पसरण्याकडे कल असतो. दोन-तीन किलोमीटर खोल गेल्यावर वरचे ओझे इतके वाढते की ते उचलणे परवडत नाही. तिथे भेग उभी पडते, बाजूला सरकते. उभ्या विहिरीला अशा उभ्या भेगा फार थोड्या लागतात. विहीर आडवी वळवली, आणि तीही योग्य दिशेला, तर तिच्या किलोमीटर-दोन किलोमीटर लांबीवर डझनावारी उभ्या भेगा पाडता येतात.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वाचून काही वेगळे वाटणार नाही. आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून भिंतीत चारी दिशांना आडवे बोअर मारून घेणे ही इथली जुनी चाल आहे, आणि तिचा हेतूही हाच: उभ्या भेगा आडव्या छिद्राने गाठणे.

आकड्यांत मात्र दोन्ही भावांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. इथे दोनशे फुटांच्या बोअरला टँकरभर साधे पाणी पुरते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानुसार २०१४मध्ये एका आडव्या वायूविहिरीच्या फ्रॅकिंगला साधारणपणे १ कोटी ९० लाख लिटर पाणी लागत होते. दाब सहाशे-सातशे किलोंपर्यंत जातो, आणि उघडलेल्या भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून त्यांत हजारो टन वाळू कोंबली जाते. जलभंजनात वाळूची गरज सहसा पडत नाही. टणक बेसाल्टचे तुटलेले पृष्ठभाग खडबडीत असतात; ते जरासे सरकले की एकमेकांत नीट बसत नाहीत आणि फट उघडी राहते. शेल मऊ, आणि वरचे ओझे प्रचंड. तिथे टेकू दिल्याशिवाय भागत नाही.

गेल्या काही वर्षांत शेलच्या विहिरींची आखणी सुधारली ती जास्त जोर लावून नव्हे, तर जास्त मोजून. विहिरीत प्रकाशतंतूची केबल सोडून कोणत्या छिद्रातून किती द्रव गेला, हे बघता येऊ लागले. आणि दिसले असे की एकाच टप्प्यातल्या काही छिद्रांनी पोटभर घेतले, काही उपाशीच राहिली. मग छिद्रांची संख्या आणि आकार बदलून वाटणी सारखी करण्याचे प्रयत्न झाले. खडक तडकताना होणाऱ्या अतिसूक्ष्म कंपनांवरून भेगा कुठवर पोचल्या, याचे नकाशे निघू लागले. त्यातून आणखी एक अप्रिय गोष्ट कळली. जुन्या विहिरीशेजारी नवी विहीर घेऊन फ्रॅकिंग केले, की नव्या भेगा जुनीच्या उपसलेल्या पट्ट्यात घुसतात आणि बऱ्याचदा दोन्हींचे नुकसान होते. बांधाला बांध लागून बोअर घेणाऱ्या गावांना हे सांगायला टेक्सासहून तज्ज्ञ बोलवायला नको!

भारतात शेल वायूची हवा काही काळ बरीच तापली होती. ओएनजीसीने जानेवारी २०११मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर इथल्या विहिरीत शेलमधून वायू मिळाल्याचे जाहीर केले. २०१३मध्ये केंद्राचे धोरणही आले. व्यापारी उत्पादनापर्यंत मात्र गाडी गेली नाही. महाराष्ट्राचे तेल १९७४ साली सापडले ते समुद्रात, मुंबई हायमध्ये. जमिनीवर आपल्याकडे फ्रॅकिंग होते ते पाण्यासाठी, आणि एका वेगळ्या कामासाठी: भूकंपाच्या अभ्यासासाठी.

११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप, दोन्ही याच बेसाल्टच्या प्रदेशातले. जमिनीच्या पोटात ताण किती आहे, हे मोजण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे छोट्या पट्ट्यात दोन पॅकर लावून कातळ फोडणे आणि तो किती दाबाला फुटला, पाणी थांबवल्यावर भेग किती दाबाला मिटली, हे बघणे. कोयना परिसरात गोठणे इथे शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. कराडमधली एक प्रयोगशाळा त्याचा अभ्यास करते. त्या छिद्रात सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंत अशा चाचण्या झाल्या आहेत. हातपंपाच्या बोअरवर काट्याकडे बघत बसलेला ऑपरेटर आणि कोयनेतला भूभौतिकशास्त्रज्ञ, दोघेही एकाच क्षणाची वाट बघत असतात.

भूकंपाचा विषय निघाला की साहजिक भीती वाटते: गावात जलभंजन केले तर जमीन हादरेल का? दोन-चारशे फुटांवर एक टँकर पाणी जिरवून भूकंप होत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमात २०११ आणि २०१६ साली जे मोठे धक्के बसले, त्यांचा संबंध मुख्यतः तेलासोबत वर येणारे कोट्यवधी लिटर खारट सांडपाणी खोल विहिरींत वर्षानुवर्षे परत ढकलण्याशी होता. इंग्लंडमध्ये मात्र ब्लॅकपूलजवळ ऑगस्ट २०१९मध्ये प्रत्यक्ष फ्रॅकिंगमुळेच २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने काम थांबवले. फ्रान्सने तर २०११मध्येच बंदी घातली होती.

धाकट्या भावाबद्दलची खरी शंका वेगळी आहे, आणि ती हिशेबाची आहे. जलभंजनाने वाट रुंद होते. पाणी तेवढेच राहते. तासाला दोनशे लिटर देणारा बोअर आठशे लिटरवर गेला, तर हातपंपासाठी ते मोठे यश आहे. इंडिया मार्क टूचा उपसा साधारण तेवढाच असतो, आणि ग्रामीण पेयजलाच्या जुन्या निकषाप्रमाणे माणशी ४० लिटर धरले, तर २५० माणसांना दिवसाला १० हजार लिटर पुरतात. आता हेच आकडे मोसंबीच्या बागेला लावून बघावेत. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी वीस बाय वीस फुटांवर लावली, तर एकरात शंभराहून थोडी अधिक झाडे बसतात आणि मोठ्या झाडाला ऐन उन्हाळ्यात रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. एक एकर बाग आणि अडीचशे माणसे यांची तहान सारखीच! २०१२-१३च्या दुष्काळात जालना-अंबडकडच्या बागा वाळून तोडाव्या लागल्या, त्यामागे हे गणित होते. तिथे जलभंजनाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवणे म्हणजे तंत्रावर अन्याय.

तरी आशेवर माणूस खोल जातो. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ साली संमत झाला, २०१४मध्ये अमलात आला. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत, सार्वजनिक पेयजल स्रोताच्या ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावरही. प्रत्यक्षात मराठवाड्यात पाचशे-सातशे फुटांचे बोअर सर्रास दिसतात. बेसाल्टमध्ये खोलीबरोबर भेगा बहुधा विरळ आणि अधिक आवळलेल्या होत जातात. शिवाय खोलवरचे पाणी पावसाने भरून यायला फार वेळ लागतो. गावाचा हातपंप जलभंजनाने सुधारावा आणि पुढच्याच वर्षी शंभर मीटरवर कोणी साडेसातशे फुटांचा बोअर घ्यावा, तर उघडलेल्या भेगेतले पाणी कोणाकडे जाईल, हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही.

म्हणून कोणता बोअर निवडायचा, हा जलभंजनाच्या आखणीतला पहिला आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. पावसाळ्यानंतर चांगला चालणारा आणि हिवाळ्यातच हात टेकणारा बोअर, आसपास ओढा किंवा पाझर तलाव, शेजारच्या विहिरींना पाणी, पण याच छिद्राला कमी, अशी लक्षणे असली तर दाब देऊन बघण्यात अर्थ आहे. ज्या शिवारात सगळ्याच विहिरींनी तळ गाठला आहे, तिथे कातळ फोडून फक्त आणखी कोरड्या भेगा मिळतात. ऑक्टोबरपासून जूनपर्यंतच्या टंचाई आराखड्यात हातपंपांची विशेष दुरुस्ती, नवे बोअर, विहिरींचे अधिग्रहण आणि टँकर यांची तरतूद होते, आणि बऱ्याचदा धावपळ सुरू होते ती एप्रिलमध्ये. जलभंजनासाठी तो मुहूर्त वाईट: भेग उघडली तरी आत पाणी नसते, आणि प्रयोगासाठी लागणारा टँकर मागायचा कोणाकडे, हाही प्रश्नच. दिवाळीनंतरच्या महिन्यांत, भूजलपातळी बरी असताना, बोअरच्या उपशाचे आकडे हाताशी घेऊन हेच काम केले तर यशापयशाचा निवाडाही नीट करता येतो.

भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, त्यामुळे तालुक्याचे चित्र उपलब्ध असते. एकेका हातपंपाचे चित्र गावालाच ठेवावे लागेल, आणि त्याला यंत्र लागत नाही. खोली, केसिंग, कोणत्या फुटावर ओल लागली, जलभंजन कधी झाले, पॅकर कोणकोणत्या खोलीवर बसला, काटा किती किलोला उतरला, आणि त्याआधी व त्यानंतर वीस लिटरची बादली भरायला किती मिनिटे लागली, एवढ्या नोंदी ग्रामपंचायतीच्या एका वहीत मावतात.